स्क्रीन नसलेला डबा: लेकरांचा मोबाइल सुटेल का?

मांजराकाठ:
मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय, दुसरं वर्ष. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतो, पण मोबाइल कायम हाताशी. विचारलं की म्हणतो, गजर लागतो, तुमचा फोन येतो. दोन्ही खरं आहे. पण किती वाजले बघायला उचललेला फोन पाऊण तासाने खाली ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून एक डबा जुळवायलोय. बटण दाबलं की वेळ बोलून सांगतो, गजर वाजवतो, घरच्या तीन नंबरांना फोन लावतो. आत ईएसपी३२ नावाची छोटी कंट्रोलर चिप, सिमचं मॉड्यूल, स्पीकर. बस. हात मोबाइलकडे जायची निमित्तंच काढून घ्यायची. मनोनिग्रहाचे उपदेश मी दोन वर्षं देऊन बघितले.

खिळापाना:
याला कीपॅडचा फोन म्हणतात, दुकानात तयार मिळतो. आणि मॉड्यूल सिम८००एल असेल तर ते फक्त २जीवर चालतं, जिओचं कार्ड त्यात उपयोगाचं नाही. मोठमोठ्यांना हे जमलेलं नाही. अमेरिकेतल्या ह्यूमेन कंपनीने २०२४ मध्ये छातीवर लावायचा एआय पिन आणला, ६९९ डॉलरला. स्क्रीनऐवजी तळहातावर लेझरची अक्षरं. २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद झाले आणि पिन निकामी.

मांजराकाठ:
मॉड्यूलचं बरोबर बोललात, ४जीचं घेतो. पण तो पिन मोबाइलची सगळीच कामं करायला निघाला होता, तेही कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर. माझ्या डब्याला तीनच कामं. कीपॅडच्या काही फोनांत आता यूट्यूबसुद्धा येतं, म्हणून तो नको.

औंढ्याची आत्या:
भाऊ, सराव परीक्षा मोबाइलवर, शंका ग्रुपवर, मेसचे पैसे मोबाइलवरून. डबा दिला तरी मोबाइल खोलीत राहणारच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं. तिथं सगळे एकदम ठेवतात म्हणून ते निभतं. एकट्या लेकराच्या हातातून काढून घेतलं तर त्याला ती शिक्षा वाटते. परगावी खोलीत एकटं राहणारं पोर आहे ते. आधी त्याच्यासोबत जेवायला कोण बसतं ते विचारा.

रिपीटर:
मी लातुरातच आहे, मलाही दुसरं वर्ष. आत्यांचं पटतं, तरी मला असा डबा हवाय. मोबाइल दिवसभर रूमवर कुलपात ठेवायची माझी तयारी आहे, फक्त घरून काही निरोप आला तर कळणार नाही ही धास्ती असते. पण काका, स्क्रीन नाही तर फोन कोणाचा आलाय ते कसं कळेल?

मांजराकाठ:
हे डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक नंबरला वेगळी घंटी ठेवू?

रिपीटर:
घंटी नको. आईच्या नंबरला तिच्याच आवाजात "मी बोलायलेय" एवढं भरून ठेवा. अभ्यासिकेत इअरफोन लावतो मी.