टाइमशेअरचा आठवडा ऑनलाइन भाड्याने देता का? वाढलेल्या कमिशनचं काय करताय?

मदत हवी आहे. ज्यांच्याकडे टाइमशेअरचा ठरलेला आठवडा (म्हणजे रिसॉर्टमधल्या युनिटची वर्षातल्या एका आठवड्यापुरती मालकी) आहे आणि जे तो ऑनलाइन भाड्याने देतात, त्यांनी कृपया वाचा.

आमच्याकडे एका रिसॉर्टमधलं दोन बेडरूमचं युनिट आहे, दरवर्षी तोच आठवडा. आईबाबांनी हौसेने घेतलं होतं. आता त्यांना प्रवास झेपत नाही, आणि आम्हा भावंडांच्या मुलांच्या सुट्ट्या त्या आठवड्याशी जुळत नाहीत. म्हणून भाड्याने देतो. त्यातून कमाई व्हावी असा हेतू नाही, वार्षिक मेंटेनन्स निघावं एवढंच. आपण तिथे राहा किंवा न राहा, मेंटेनन्स भरावंच लागतं.

ज्या संकेतस्थळावर आमची जाहिरात असते, त्यांनी मालकाकडून घ्यायचं कमिशन यंदा बरंच वाढवलं. त्यात मेंटेनन्स वाढलं. शिवाय आपल्याऐवजी दुसऱ्याच्या नावावर आरक्षण करायचं तर रिसॉर्ट गेस्ट सर्टिफिकेटचे वेगळे पैसे घेतं.

हिशेब शंभरात मांडते. भाडं १०० आलं तर मेंटेनन्सला ८० जातात, उरतात २०. कमिशन ३ टक्के होतं तेव्हा हातात १७ यायचे. तेच १५.५ टक्के झालं की साडेचार. कमिशन पूर्ण शंभरावर कापलं जातं, आमच्या विसावर नाही, आणि हेच कुणाच्या लक्षात येत नाही. "साडेबारा टक्केच तर वाढलं" असं ऐकावं लागतं, पण ते साडेबारा आमच्या सतरातून जातात! गेस्ट सर्टिफिकेट वजा केलं की खिशातून भरायची वेळ.

स्वतःचा फ्लॅट भाड्याने देणारा माणूस जास्त रात्री देऊ शकतो, सीझनप्रमाणे दर हलवू शकतो. आमच्या हातात सात रात्री, त्याही वर्षातून एकदा. आणि रिसॉर्ट स्वतःच्या रिकाम्या खोल्या त्याच तारखांना विकत असतं, त्यामुळे आमच्या दराला वरून छत आहे.

दर वाढवला तर बुकिंग जाईल का? जाहिरातीचं ठरावीक शुल्क घेणारी, कमिशन न घेणारी संकेतस्थळं बरी पडतात का? की आठवडा सरळ एक्स्चेंज कंपनीत, म्हणजे बदल्यात दुसरीकडचा आठवडा देणाऱ्या कंपनीत, जमा करावा? बाबांना दरवर्षी वाईट बातमी द्यायची माझी इच्छा नाही, म्हणून खरंच मनापासून विचारते आहे.

प्रतिसाद १

ताई, हिशेब बरोबर आहे, पण त्यात पाहुण्याची बाजू धरा, चित्र थोडं बदलेल.

एअरबीएनबीचं उदाहरण घ्या. त्यांच्या जुन्या विभागलेल्या पद्धतीत यजमानाकडून, म्हणजे जागा देणाऱ्याकडून, ३ टक्के आणि पाहुण्याकडून साधारण १४ ते १६.५ टक्के घेतले जातात. म्हणजे तुम्ही १०० लावलेत की पाहुणा ११४ ते ११६.५ भरतो. ऑक्टोबर २०२५ पासून सॉफ्टवेअर जोडून लिस्टिंग चालवणाऱ्या यजमानांना एकच शुल्क लागू झालं, बहुतेकांना १५.५ टक्के, आणि ते पूर्ण यजमानाच्या रकमेतून जातं. पाहुण्याला वेगळं सेवाशुल्क नाही. तुमच्या संकेतस्थळाने असंच केलं असेल, तर पाहुण्यावरचा भार तिथे कमी झालेला असणार. म्हणून दर वाढवायला घाबरू नका, त्याला शेवटी भरावा लागणारा आकडा जवळपास तोच राहतो.

फक्त वाढ नीट करा. बरेच जण कमिशनमधला फरक म्हणून १२.५ टक्के चढवतात. ११२.५ मधून १५.५ टक्के गेले की ९५ उरतात, पूर्वीचे ९७ नाही. हवी असलेली रक्कम ०.८४५ ने भागा. ९७ हवे असतील तर दर ११४.८ लावावा लागेल.

आणि आधी हे तपासा की पाहुण्याचं शुल्क खरंच काढलंय का. दोन्हीकडून घेत असतील तर ही सरळ भाववाढ आहे. मग दुसरीकडे बघणंच शहाणपणाचं.

प्रतिसाद २

व्हीआरबीओ या सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावर दर बुकिंगमागे पैसे द्यायचा पर्याय घेतला तर ५ टक्के कमिशन आणि ३ टक्के पेमेंटचे, असे ८ पडतात. हे ३ टक्के पाहुण्याने भरलेल्या एकूण रकमेवर असतात, म्हणजे करावरसुद्धा. तुमच्या उदाहरणात ८ गेल्यावर १२ उरतात, साडेचारपेक्षा पुष्कळ बरं. पाहुणा मात्र तिथेही वेगळं सेवाशुल्क भरतो, त्यामुळे तिथला दर ठरवताना त्याला शेवटी किती पडतं ते बघा.

ठरावीक शुल्काच्या जाहिरातीचं म्हणाल तर तो पर्याय मला टाइमशेअरसाठी सगळ्यात न्याय्य वाटतो. एका आठवड्यामागे एकदाच पैसे जातात, भाडं जास्त आलं म्हणून तुम्ही जास्त देत नाही. खोट अशी की आठवडा गेला नाही तरी ते पैसे परत येत नाहीत. तुमचा आठवडा मागणीच्या सीझनमधला असेल तरच घ्या.

एक्स्चेंजबद्दल सांभाळून. आरसीआय १९७४ पासून आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ पासून आहे, दोन्ही मूळची अदलाबदलीची व्यवस्था. तिथे आठवडा जमा करून बदल्यात मिळालेला आठवडा भाड्याने द्यायला दोघांच्याही नियमांत मनाई आहे. सापडलात तर आरक्षण रद्द होऊ शकतं आणि पाहुणा दारात उभा राहील. तुम्हा भावंडांना वेगळ्या तारखांना जायचं असेल तर जरूर जमा करा, पैसे वसूल करायला नको.

अजून एक. पाहुणा संकेतस्थळावर भेटला आणि कमिशन वाचवायला "पैसे बाहेर द्या" असं ठरवलंत, तर ते त्यांच्या नियमांविरुद्ध आहे, शिवाय वाद झाला तर कुणीच मध्ये पडणार नाही. कृपया करू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पाहुण्याचं शुल्क काढलंय का हे मी बघितलंच नव्हतं, आज बघते. भागाकाराचं तर कागदावर लिहून ठेवलं.

रद्द करण्याबद्दल कुणी सांगेल का? संकेतस्थळ पाहुण्याला काही दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत देतं, पण रिसॉर्ट आम्हाला काहीच परत देत नाही.

प्रतिसाद ३

हा मुद्दा कमिशनपेक्षा मोठा आहे. दोन-चार टक्क्यांसाठी संकेतस्थळ बदलाल आणि एक बुकिंग रद्द झालं की वर्ष गेलं. तिथे उपलब्ध असलेलं रद्द करण्याचं सर्वांत कडक धोरण निवडा आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळींत लिहा की हा टाइमशेअरचा ठरलेला आठवडा आहे, तारखा बदलता येणार नाहीत. शक्य असेल तर पाहुण्याची बुकिंग मोफत रद्द करायची मुदत उलटल्यावरच गेस्ट सर्टिफिकेट काढा, म्हणजे निदान ते पैसे अडकत नाहीत. रिसॉर्टला त्या नावासाठी किती दिवस आधी कळवावं लागतं हे लेखी विचारून घ्या.

आणि फोन आले तर सावध राहा. "तुमच्या आठवड्यासाठी भाडेकरू तयार आहे, आधी प्रक्रिया शुल्क भरा" असे फोन टाइमशेअर मालकांना फार येतात. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशनही या आगाऊ पैशांच्या फसवणुकीबद्दल इशारा देत आलं आहे. फोन आईबाबांच्या नंबरवर येत असतील तर त्यांना नक्की सांगून ठेवा.

धागाकर्ती

असे फोन बाबांना आलेत. कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, हे आजच सांगते.

यंदा दर ११४.८ च्या हिशेबाने लावते, सोबत कडक धोरण. गेस्ट सर्टिफिकेटचं रिसॉर्टला लिहून विचारते. एवढं करूनही मेंटेनन्स निघालं नाही, तर युनिट रिसॉर्टलाच परत करण्याबद्दल घरात बोलावं लागेल. काही रिसॉर्ट मालकी परत घेतात असं ऐकते. कुणी असं केलंय का? मेंटेनन्सची बाकी शून्य असणं पुरतं, की कागदपत्रांचा खर्चही मालकालाच करावा लागतो?