मदत हवी आहे: मेटाडेटा नोंदीत भर पडली की डिजिटल सही मोडते

आमच्या संग्रहातल्या मेटाडेटा नोंदी (संग्रहातल्या गोष्टींची माहिती) जेसन या मजकूर-स्वरूपात आहेत. प्रत्येक नोंदीवर एड२५५१९ ही डिजिटल सहीची पद्धत वापरून सही करतो. इतर संग्राहक (ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करणारे) त्या उचलतात. नोंद कुणाची, मधे कुणी हात लावला का, हे शेवटच्या वाचकाला तपासता यावं एवढाच हेतू.

आधी फील्डांचा क्रम किंवा मोकळी जागा बदलली तरी सही अवैध ठरायची. आरएफसी ८७८५ (जेसन एकाच ठरावीक रूपात लिहिण्याची पद्धत) प्रमाणे नोंद प्रमाणरूपात आणून सही करायला लागलो, तो त्रास संपला. मग ‘दुसऱ्या’ या एका शब्दाने दोन दिवस खाल्ले: एकीकडे ‘ऱ’ हे एकच अक्षर, दुसरीकडे ‘र’ अधिक नुक्ता. दिसायला सारखंच, बाइट वेगळे. ती आरएफसी युनिकोडला हात लावत नाही, म्हणून आता सही करताना आणि तपासताना दोन्हीकडे एनएफसी करतो, म्हणजे अशी अक्षरं युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणतो.

खरं अडलंय पुढे. संग्राहक नोंदीत विषयशब्द, स्वतःचा ओळखक्रमांक घालतात. ही भर उपयोगाची आहे, थांबवायची नाही. पण सही मोडते. मूळ नोंद सोबत जोडून पाहिली, तर सही तपासली जाते एका प्रतीची आणि वाचकाला दिसते दुसरीच.

सही तपासायची सार्वजनिक की (पब्लिक की) आमच्याच डोमेनवर आहे. ब्लॉकचेन नको. संग्राहकांना आम्ही छोटे बदल सुचवू शकतो, मोठे नाहीत.

तर सही पूर्ण नोंदीवरच ठेवून संग्राहकाने मूळ नोंदीच्या हॅशसह (मजकुरावरून काढलेल्या ठशासह) आपल्या भरीवर वेगळी सही करावी, की आम्हीच ठरावीक फील्डांपुरती सही करावी? यातलं काही प्रत्यक्ष चालवलेल्या कुणी सांगाल का?