प्रति: विषयशीर्षकातल्या रेघा
‘कापड गिरण्या -- भारत -- मुंबई -- इतिहास’ अशा विषयशीर्षकातल्या दुहेरी रेघा ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाची नोंद करतानाच टाइप करून टाका, म्हणजे पडद्यावर नीट दिसतं, असा सल्ला या चर्चेत वर आलाय. दिसतं खरं, पण पुढे रडवतं. मार्क २१ मध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी संगणकात साठवायच्या प्रमाण साच्यात, रेघ साठवायचीच नसते. ६५० या विषयाच्या क्षेत्रात कापड गिरण्या ए या उपक्षेत्रात (क्षेत्रातल्या कप्प्यात), भारत आणि मुंबई वेगवेगळ्या झेडमध्ये, इतिहास एक्समध्ये. रेघा जोडायचं काम दाखवणाऱ्या प्रणालीचं. उद्या रेघेऐवजी बाण हवा झाला तर एका जागी बदल करायचा, हजारो नोंदींना हात लावायचा नाही.

आमच्या दादरच्या ग्रंथालयात आधीच्या मंडळींनी सगळं एकट्या ए मध्ये कोंबलं होतं. कुणी दोन हायफन, कुणी एकच लांब रेघ, कुणी मागेपुढे जागा सोडून. परिणाम काय, तर विषयसूचीत एकच विषय तीन ठिकाणी, आणि एकावर टिचकी मारली की बाकीच्या दोन शीर्षकांखालची पुस्तकं गायब. वाचक म्हणणार, तुमच्याकडे काही नाहीच! शिवाय कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत विषयावर टिचकी मारल्यावर नुसतं मुख्य शीर्षक शोधायचं की उपविभागांसकट, हे ‘ट्रेससब्जेक्टसबडिव्हिजन्स’ या सेटिंगवर ठरतं. सगळं ए मध्येच असेल तर ते सेटिंग कसंही ठेवा, फरक शून्य. आणि हो, विषयच मुंबई असेल तर ६५० नाही, ठिकाणांसाठीचं ६५१ क्षेत्र. तेही आम्ही अजून निस्तरतोय.