बीजीव्हीत (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे नोकरीआधीची पार्श्वभूमी तपासणी) ‘रेड’ म्हणजे नापास शेरा आला, पण का ते सांगायचं नाही?

सातारकर:
धाकट्या भावाला पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. त्याने जुनी नोकरी सोडली, नोटीस पिरियड संपत आला आणि मेल आला: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये रेड, ऑफर रद्द. कारण विचारलं तर उत्तर नाही. ओळखीतून कळलं की ई-कोर्ट्स या कोर्टातल्या खटल्यांच्या सरकारी साइटवर त्याच्या नावावर मारामारीचा खटला सापडलाय. रात्री बसून आम्ही तो उघडला. नाव-आडनाव तेच, पण तालुका दुसरा, आणि खटला दाखल झाला तेव्हा हा नववीत होता! पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की तिथे यादी येते, जन्मतारीख कुठेच नसते. आमच्या एका गावात त्या नावाचे चौघे आहेत. एवढ्यावर पोराच्या पोटावर पाय द्यायचा?

एचआर_मृणाल:
दादा, भावावर अन्यायच झाला. पण तपासणी हवीच. आमच्याकडे एकाने तीन वर्षांच्या अनुभवाची पत्रं आणली होती. लेटरहेड, सही, शिक्का, सगळं चोख. पीएफची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे कुठल्या कंपनीत किती काळ होता त्याची नोंद, मागितली, तर त्या कंपनीचा एक महिनाही नाही. अशांमुळे खरा अनुभव असलेली पोरं मागे राहतात, हेही बघा.

कोथरूडकर_बाबा:
माझी मुलगी रात्रपाळीला कॅबने जाते. २००७ साली पुण्यात बीपीओतल्या मुलीला न्यायला आलेल्या चालकानेच साथीदाराला घेऊन तिचा जीव घेतला. आम्ही आईबाप ते विसरलेलो नाही. चालकांची तरी कसून चौकशी व्हायलाच पाहिजे.

सातारकर:
काका, चालकांबद्दल दुमत नाहीच. ताई, तपासणी बंद करा असं मी म्हटलंच नाही. पीएफची नोंद यूएएनवर, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतंत्र पीएफ क्रमांकावर असते, ती त्याच माणसाची. नुसत्या नावावरून काढलेला खटला कुणाचाही असू शकतो. अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे तपासणी करणाऱ्या एजन्सीच्या अहवालावरून नोकरी नाकारायची तर आधी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिली. मग रिपोर्ट दाखवायची सक्ती का नको?

एचआर_मृणाल:
दाखवायला माझी ना नाही. पण प्रोजेक्टवाले थांबत नाहीत. जागा सोमवारी भरायची असते.

सातारकर:
कोर्टातून नक्कल काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. त्यात आरोपीच्या वडिलांचं नाव स्वच्छ लिहिलंय, आमच्या वडिलांचं नाही. तोवर त्या जागेवर दुसरा रुजू झाला होता.