किट कारच्या बॉनेटखाली जागा नाही, दोन आडव्या कार्ब्युरेटरना एअर फिल्टर कोणता बसवू? (मदत हवी आहे)

मंडळी, गेले दोन रविवार पट्टी आणि टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकून काढलेत, पाठ गेली कामातून, आता तुम्हालाच विचारतो.

गाडी घरी जोडलेली किट कार आहे, लोटस सेव्हनच्या अंगकाठीची, म्हणजे लांब आणि पुढे निमुळतं होत जाणारं नाक. आत फोर्डचं १६०० क्रॉसफ्लो इंजिन आणि त्याला दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे कार्ब. ज्यांनी हे कार्ब पाहिले नसतील त्यांच्यासाठी, हे उभे नसून आडवे असतात, एकेकात दोन घसे, म्हणजे चार सिलिंडरला चार घसे, आणि ४० म्हणजे थ्रॉटलपाशी घशाचा व्यास ४० मिमी. पिकअप झकास, आवाज तर विचारूच नका, पण आडवे असल्यामुळे रुंदी खातात आणि माझ्याकडे नेमकी रुंदीच नाही.

आत्तापर्यंत नुसत्या ट्रम्पेटवर (घशाच्या तोंडाला बसवलेल्या आखूड भोंग्यावर) तारेची जाळी लावून चालवत होतो. जाळीने खडा अडतो, धूळ नाही अडत, हे माहीत होतं पण आळस. परवा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) साफ करायला कार्ब उघडले तर घशात बोट फिरवल्यावर बोट तपकिरी झालं, आणि मागच्या कार्बमध्ये थ्रॉटलच्या पाकळीला माशीचा पंख चिकटलेला. म्हणजे बाकीची माशी इंजिनने खाल्ली. पिस्टन रिंगा नव्या टाकल्यात हो, पोटात गोळा आला.

आता माप. ट्रम्पेट ४० मिमी लांबीचे आहेत. त्यांच्या तोंडावर मुलाची खेळायची क्ले थापली, बॉनेट लावलं, काढलं, क्लेची जाडी मोजली. मागच्या कार्बला ५२ मिमी, पुढच्याला फक्त ३१, कारण नाक निमुळतं. म्हणजे ट्रम्पेट काढले तर कार्बच्या तोंडापासून पत्र्यापर्यंत मागे ९२ आणि पुढे ७१. मी खुश, म्हटलं ६५ मिमी खोलीचा फोमचा फिल्टर मिळतो तो आरामात बसेल. मग सहज सुचलं म्हणून क्ले परत थापून गाडी चालू केली आणि दोन-तीनदा जोरात रेस दिली, तर क्ले चेपून पुढे १९ वर आली! इंजिन माउंटिंगवर (ज्यावर ते बसतं त्या रबरांवर) १२ मिमी डुलतंय. ७१ मधून १२ गेले, घासू नये म्हणून ५ सोडले, उरले ५४. बोंबला.

मग पर्याय काय राहिले तर, एक म्हणजे ट्रम्पेटवर मोज्यासारखे चढवायचे फोमचे फिल्टर, स्वस्त आणि सुटसुटीत, पण माझी गाडी थंड असताना कार्बमधून फटके मारते (बॅकफायर) आणि पेट्रोल उलटं उडतं, तो फोम पेट्रोलने भिजणार आणि त्यावर फटका बसला तर? ही भीती उगाच आहे का खरी? दुसरं म्हणजे पत्र्याचा निमुळता एअरबॉक्स बनवून घ्यायचा, त्याला होज लावून फिल्टर नाकात रेडिएटरच्या शेजारी न्यायचा. हे मला मनापासून आवडलंय कारण बॉनेटखाली हवा तापते, २० अंशांची हवा ५० अंशांची झाली की घनता ९ टक्क्यांच्या आसपास कमी होते, तेवढा दम फुकट जातो. होजचं गणितही करून पाहिलं, १६०० सीसी, ६५०० आरपीएम, सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं तर मिनिटाला साधारण ४४०० लिटर हवा, ७५ मिमीच्या होजमधून ती सेकंदाला १७ मीटरच्या आसपास वेगाने जाईल. चालेल ना एवढं? पण ७५ मिमीचा होज स्टेअरिंग कॉलम आणि चासीच्या पाइपामधून कसा न्यायचा हे देवालाच ठाऊक. तिसरा पर्याय बॉनेट कापून फिल्टर बाहेर काढायचा. बरेच लोक तसं करतात, दिसतंही बरं, पण त्या रंगावर मी चार महिने घासलोय, ग्राइंडर लावायला हात धजत नाही.

काय करू?

प्रतिसाद:

बॉनेट कापू नका आणि एअरबॉक्सच्या नादाला तर आत्ता अजिबात लागू नका. होजमधला वेग ठीक आहे, अडचण ती नाही. चार घसे आळीपाळीने गचके देत हवा ओढतात, बॉक्स चिंचोळा झाला की एकाची ओढ दुसऱ्याला जाणवते आणि मग जेटिंग करताना (योग्य मापाचे जेट निवडताना) डोकं फिरतं. पुढच्या बाजूला जागा नाही म्हणजे बॉक्स तिथेच चिंचोळा होणार.

मोजे नकोच. तुमची भीती खरी आहे, शिवाय आत तारेचा सांगाडा नसला तर भिजलेला फोम ओढला जाऊन ट्रम्पेटच्या तोंडाला चिकटतो. आणि थंडीतले फटके बहुतेक मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचे, ते आधी बघा, फिल्टरने ते जाणार नाहीत.

तुमचा खरा चोर ते १२ मिमी आहेत. माउंटिंग कडक टाका किंवा इंजिनच्या वरच्या भागापासून चासीला एक आडवा रॉड द्या, दोन्ही टोकांना रबर बुश. डुलणं ३-४ मिमीवर येईल. मग तोच ६५ चा फोम फिल्टर घ्या, पण पूर्ण फोमचा, ज्याचं समोरचं तोंडही फोमचं असतं. समोर पत्र्याचं झाकण असलेला घेतला तर ट्रम्पेटचं तोंड झाकणापासून बरंच लांब लागतं, निदान २५ मिमी तरी, ते तुम्हाला परवडणार नाही. फोमवाल्यात बाजूनेही हवा येते. आतले ट्रम्पेट १६ मिमीचे आखूड घ्या, मधल्या आरपीएमला थोडा ओढा कमी होईल पण काठ गोल वळलेला असेल तर हवा नीट शिरते. ट्रम्पेट काढूनच टाकायचा मोह मात्र टाळा.

आणि एक, बॅकप्लेट (फिल्टर ज्यावर बसतो ती कार्बच्या तोंडावरची प्लेट) घेताना डोळे उघडे ठेवा. डीसीओईच्या तोंडावर दोन घशांच्या मध्ये वरच्या अंगाला एक भोक असतं, फ्लोट चेंबरला (कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीला) हवा तिथून मिळते. बॅकप्लेटने किंवा गॅस्केटने ते झाकलं की गाडी वेड्यासारखी वागते आणि माणूस जेट बदलत बसतो. मी स्वतः महिनाभर बसलो होतो!

धागाकर्ता:

दादा, लाख धन्यवाद. बॅकप्लेटचं कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी जी घ्यायला निघालो होतो तिच्या फोटोत ते भोक मोकळं ठेवलेलं दिसत नाहीये, वाचलो.

काल रॉडऐवजी प्रयोग म्हणून इंजिन आणि चासीमध्ये लाकडाची पाचर ठोकून परत क्ले लावली. डुलणं १२ वरून ४ वर आलं. म्हणजे पुढे आता ७१ वजा ४ वजा ५, ६२. तरी ३ मिमी कमीच! वैतागून क्ले हातात घेऊन बसलो होतो तेव्हा दिसलं, तिच्यावर एक सरळ खाच उमटलीय आणि खाचेत दोन गोल खड्डे. बॉनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून ताठपणासाठी एक पट्टी रिव्हेट केलीय, आणि ती बरोब्बर पुढच्या कार्बसमोर. पट्टी आणि रिव्हेटचं डोकं मिळून ४ मिमी. म्हणजे मी इतके दिवस पत्र्यापर्यंत नाही, रिव्हेटपर्यंत मोजत होतो.

तर आता प्रश्न एवढाच, ती पट्टी तिथून उखडून हातभर मागे सरकवली तर पत्रा तिथे थडथडेल का? आणि रॉडचं दुसरं टोक चासीच्या वरच्या पाइपाला वेल्ड करू की क्लॅम्पने धरू? क्लॅम्प सरकेल अशी धाकधूक आहे, आणि वेल्ड म्हटलं की परत रंग आलाच.