ऑलिम्पिकमधली आर्किटेक्टची मेडलं टॅलीत धरायला हवीत का?

पायवाट:
१९१२ ते १९४८ ऑलिम्पिकमध्ये आर्किटेक्चर, चित्रकला, शिल्पकला, संगीत, साहित्य यांनाही मेडलं होती, अट एवढीच की विषय खेळाशी जोडलेला हवा. आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती) ती आज देशांच्या मेडल टॅलीत धरत नाही आणि मला हे अजिबात पटत नाही. हंगेरीचा आल्फ्रेड हायोश घ्या. १८९६ ला अथेन्समध्ये समुद्राच्या गारठलेल्या पाण्यात अंगाला ग्रीस फासून उतरला आणि दोन शर्यती मारल्या, वय १८, शिकत होता आर्किटेक्चर. पुढे १९२४ ला पॅरिसमध्ये देझो लाउबरबरोबर स्टेडियमच्या प्लॅनला सिल्व्हर. माणूस तोच, मग एक मेडल मोजायचं आणि दुसरं सोडून द्यायचं?

रात्रपाळी:
त्या वर्षी आर्किटेक्चरचं गोल्ड कुणालाच दिलं नाही, हेही सांगा ना. शर्यतीत पहिला आलेला कितीही हळू पोहला तरी पहिलाच असतो. मतावर मिळालेलं मेडल घड्याळावर मिळालेल्याच्या शेजारी कसं बसवणार?

पायवाट:
जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंगपण मतावरच चालतं, ती मोजताच की. उलट गोल्ड राखून ठेवलं म्हणजे परीक्षक कडक होते.

कौलारू:
मेडलं खरीच आहेत, त्यावर वाद नको. यान विल्सचं ॲम्स्टरडॅम स्टेडियम बघा, १९२८ चं गोल्ड. विटांचं बांधकाम, बाहेर उंच मनोरा, आणि ऑलिम्पिकची ज्योत पहिल्यांदा पेटली ती त्याच मनोऱ्यावर. नंतर ते पाडायचं घाटत होतं, लोक आडवे आले म्हणून वाचलं. पण स्पर्धा बंद झाली ती आर्किटेक्ट आणि कलाकार त्यावरच पोट भरतात, हौशी नाहीत म्हणून, आणि ऑलिम्पिक फक्त हौशींसाठी हा तेव्हाचा नियम बघता ते बरोबरच होतं.

पायवाट:
तो नियम आता राहिलाय कुठे, एनबीएचे बास्केटबॉलवाले, टेनिसवाले सगळे पैसे घेऊन खेळणारे आता ऑलिम्पिकमध्ये खेळतात. मग शिक्षा फक्त आर्किटेक्टलाच का?

रात्रपाळी:
कौलारू, ज्या मैदानावर ते ऑलिम्पिक चालू होतं त्यालाच गोल्ड मिळालं, माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. १९३६ ला परत तेच, बर्लिनच्या राइखस्पोर्टफेल्ड या ऑलिम्पिकच्याच क्रीडासंकुलासाठी मार्ख बंधूंना टाउन प्लॅनिंगचं गोल्ड, यजमान जर्मनीच. हायोशच्या कामाचं प्रदर्शन भरवा, शाळेत शिकवा, मी पहिला येईन. पण टॅली उघडलीत की नाझी जर्मनीचा आकडा त्यांच्याच मैदानामुळे वाढणार, आणि त्याला माझी तयारी नाही.