मदत हवी आहे : एलईडी वॉलवर टाळकऱ्यांच्या हातांना दातेरी रेघा, प्रोसेसरमध्ये काय बदलू?

राम राम मंडळी. परभणी-गंगाखेड-परळी भागात सप्ताह आणि लग्नांचं लाइव्ह करतो. कॅमेरे माझे, वॉल आणि प्रोसेसर (वॉलला चित्र पुरवणारं यंत्र) भाड्याचे.

महाराज उभे राहून बोलतात तोवर चित्र झकास. टाळकऱ्यांनी पावली धरली की हाताच्या, उपरण्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. कपडे सगळ्यांचे पांढरेशुभ्र, मागं गर्द पडदा. मांडवात शेवटी बसलेल्यालाही दिसतं.

कॅमेरे १०८०आय५० वर, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत (फील्ड) येतं. एसडीआय केबलनं स्विचरला (कुठला कॅमेरा दाखवायचा ते निवडायचं यंत्र), तिथून एचडीएमआयनं प्रोसेसरला. वॉल पी ३.९१ ची (दोन दिव्यांत ३.९१ मिमी अंतर), आडवे ८ आणि उभे ५ कॅबिनेट (जोडायच्या चौकटी). प्रोसेसरमध्ये डीइंटरलेसला (फील्डांपासून अख्खं चित्र बनवणं) ऑफ, ऑटो, फिल्म, व्हिडिओ असे पर्याय आहेत. सगळे फिरवले, काडीचा फरक नाही. शार्पनेस वाढवला तर दाते अजून ठळक. कॅमेऱ्यातल्या कार्डावरची फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करून पाहिली तर एकदम स्वच्छ. वॉलवाला म्हणतो, ‘कॅमेराच जुना आहे.’ काल्याच्या आधी हे सुटायला पाहिजे राव.

प्रतिसाद (लातूर) : कॅमेऱ्याला दोष देऊ नका. पर्याय बदलून फरकच पडत नाही, यातच उत्तर आहे. प्रोसेसरच्या मेनूत इनपुटची माहिती बघा. तिथं ‘आय’ ऐवजी ‘पी’ (अख्खं चित्र एकदम) दिसत असेल तर स्विचरनंच दोन्ही फील्ड एकात विणून पाठवलेत. मग प्रोसेसरला ते अख्खं चित्र वाटतं, तो डीइंटरलेस करतच नाही.

१०८०आय५० मध्ये सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात ५४० ओळी. दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचं अंतर, तेवढ्यात टाळ सरकलेला असतो. म्हणून ‘फिल्म’ नको; ती पद्धत दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे धरून चालते. ‘व्हिडिओ’ ठेवा, शार्पनेस शून्य.

धागाकर्ता : भाऊ, तसंच निघालं! इनपुट १०८०पी६० दाखवतंय. स्विचरचं एचडीएमआय आउटपुट तसं सेट होतं.

प्रतिसाद (लातूर) : मग ते १०८०आय५० करा. प्रोसेसरचं आउटपुटही ५० हर्ट्झ. ६० वर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं, कॅमेरा आडवा फिरवताना झटके बसतात ते त्याचेच. दात्यांशी त्याचा संबंध नाही, पण एकाच फेरीत निपटेल.

आणि खरं सांगू? तुमच्या वॉलच्या एका कॅबिनेटला १२८ ओळी, पाचांच्या ६४०. कॅमेरे आणि स्विचर ७२०पी५० (७२० ओळींची अख्खी चित्रं, सेकंदाला ५०) घेत असतील तर तेच लावा, फील्डची कटकटच संपते. आहे त्याच एचडी-एसडीआय केबलवर चालतं, कारण सेकंदाला १.४८५ गिगाबिटमध्ये बसतं. १०८०पी५० ला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३जी-एसडीआय लागतं. मांडवभर पसरलेल्या जुन्या केबलवर तो धोका घेऊ नका.

धागाकर्ता : १०८०आय५० करून ‘व्हिडिओ’ लावलं, दाते गेले. बॅनरवरची बारीक अक्षरं किंचित थरथरतात, ते चालेल. ७२०पी मात्र दोनच कॅमेऱ्यांत आहे, तिसऱ्यात नाही.

प्रतिसाद (लातूर) : स्विचरच्या इनपुटला स्केलर (आलेला फॉरमॅट बदलून घेणारी सोय) आहे का बघा. नसेल तर तिन्ही आयवरच राहू द्या, एक फॉरमॅट वेगळा आला की त्या कॅमेऱ्याचं चित्रच येणार नाही.